नंदाखालचं जॅझ

माझी मुलगी दातांची डॉक्टर आहे. दिवसभर विरारजवळच्या बोळिंजमधल्या एका दवाखान्यात ती लोकांचे दात काढते, भरते, घासते आणि संध्याकाळी घरी आली की गाणी कापायला बसते. हे दुसरं काम ती कॉलेजपासून करते आहे, पण मला त्याचा पत्ता फार उशिरा लागला. लॅपटॉप उघडा असायचा, कानाला हेडफोन असायचे. मला वाटायचं, काहीतरी अभ्यास चाललाय, आपण कशाला मध्ये पडा.

मग एक दिवस तिचे हेडफोन बिघडले.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात वालाचं बिरडं सोलत बसले होते. तिच्या खोलीतून पियानो ऐकू आला. छान होता. पण जरासा वाजून तो परत पहिल्यापासून सुरू व्हायचा. मी वाट बघितली. वाटलं, आता पुढे जाईल. अर्धं बिरडं सोलून झालं तरी पियानो तिथंच.

"अगं, अडकलंय ते! बंद करून परत लाव," मी ओरडले.

"अडकलं नाहीये, आई. लूप आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मुद्दाम अडकवलंय."

मी वालाचं ताट घेऊन तिच्या खोलीत गेले, पलंगावर बसले आणि म्हटलं, आता समजावून सांग. मी गणित शिकवते. कुठलीही गोष्ट पायरीपायरीने सांगितली की मला कळते, आणि तिला ते माहीत आहे. तिने सांगितलं, की हिप-हॉपमध्ये कोणीतरी तालात शब्द म्हणतं, आणि त्या शब्दांच्या मागे जे वाजतं त्याला बीट म्हणतात. ती बीट करते. जुन्या गाण्यातला एखादा छोटा तुकडा उचलायचा, त्याचं नाव सॅम्पल. तो फिरवत ठेवायचा, खाली आपले ड्रम्स घालायचे.

"म्हणजे जुन्या साडीचा परकर," मी म्हटलं.

"परकर नाही गं. काठ. जुन्या साडीचा काठ तेवढा काढायचा आणि नव्या ब्लाउजला लावायचा."

हे मला एकदम पटलं. पण तिचा चेहरा उतरलेला होता. तिचा एक मित्र आहे नालासोपाऱ्याचा, बँकेत नोकरी करतो आणि मराठीत रॅप लिहितो. त्याच्यासाठी तिने ही बीट केली होती. पियानोचा तुकडा इंटरनेटवर फुकट मिळाला होता. आणि त्याच सकाळी तिला दिसलं, की कोल्हापूरच्या कोणा मुलाने तोच पियानो घेऊन गाणं काढलंसुद्धा. तोच तुकडा, तिथेच कापलेला.

"मला असलं काहीतरी हवंय, जे दुसऱ्या कोणाकडे नसेल," ती म्हणाली. "जुनं जॅझ. खऱ्या रेकॉर्डवरचं."

"जॅझच का?"

"त्यात वाजवणारे मध्येच एकेकटे सापडतात. सगळे थांबतात आणि एकटा ड्रमवाला वाजवतो, नाहीतर एकटा पियानो. तेवढं उचलता येतं. आपल्या सिनेमाच्या गाण्यात कोणीतरी गातच असतं."

मी जॅझ हा शब्द ऐकला होता. ऐकलं मात्र कधी नव्हतं. आमच्या माहेरी, खाडीकाठच्या गावात, बाजा म्हणजे लग्नाचा आणि गाणं म्हणजे रेडिओचं. शेतावरून येताना माझे वडील 'पानी भरा, पानी भरा' असं काहीतरी स्वतःच जुळवून म्हणायचे, तेवढंच घरातलं संगीत.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये हा किस्सा सांगितला. सगळ्या हसल्या. आमच्या भूगोलाच्या टीचर मात्र डबा बंद करता करता थांबल्या. त्या जवळच्याच नंदाखाल गावच्या, ख्रिस्ती घरातल्या.

"जॅझ? आमच्याकडे कपाटभर आहे की," त्या म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांच्या रेकॉर्ड्स. जहाजावर बँडमध्ये होते ते, सॅक्सोफोन वाजवायचे. बंदराबंदरातून घेऊन आलेत. पण एक सांगते हं, ते कोणाला घेऊन जाऊ देत नाहीत. माझ्या नवऱ्यालाही नाही."

"बघायला तर देतील?"

"ऐकायला देतील. रविवारी या. चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना झाल्यावर ते मोकळेच असतात. त्यांच्याबरोबर बसून ऐकायला कोणी तयार नसतं, हीच तर त्यांची तक्रार."

रविवारी आम्ही दोघी स्कूटरवरून गेलो. त्यांचं घर वाडीत आहे. पुढे नारळ, मागे केळी आणि मध्ये मुलाने बांधलेला नवा बंगला. सासरेबुवांची खोली मागच्या बाजूला, केळीच्या पानांवरून उजेड येतो म्हणून खोलीत सगळं थोडं हिरवं दिसतं. ते नुकतेच चर्चमधून आले होते. उंच, सडसडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि बोलताना ओठ अगदी जपून हलवायचे. मला वाटलं, जहाजावर राहून आलेत, तिकडची रीत असेल. सुनेशी ते त्यांच्या घरच्या बोलीत बोलले, ती मला निम्मी कळते. आमच्याशी मात्र पुस्तकी मराठीत.

"या, बाई. या डॉक्टर. बसा. रेकॉर्ड घराबाहेर जाणार नाही, हे सुनेने सांगितलंच असेल. इथे कितीही ऐका. चहा मिळेल, सुकेळी मिळतील."

सुकेळी म्हणजे आमच्याकडची वाळवलेली राजेळी केळी, मधासारखी गोड. मी लगेच एक उचललं. मुलीने रेकॉर्डकडे मोर्चा वळवला.

तिची पद्धत अशी, की सुई ठेवायची, जरा ऐकायचं, उचलायची, पुढे ठेवायची, परत उचलायची. म्हातारबाबा खुर्चीत बसून बघत होते. प्रत्येक वेळी सुई उचलली गेली, की त्यांच्या खांद्याला हलका झटका बसायचा. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"पोरी, तू बाजारात केळी दाबून बघतेस का?"

"सॉरी, आजोबा. मला फक्त छोटा तुकडा हवाय. चार सेकंदांचा."

"तुकडा घे ना. पण घरात येऊन नुसतं मीठ चाखून जायचं का? आधी एक बाजू पूर्ण ऐक. मग काय कापायचं ते काप."

त्यांनी स्वतः एक रेकॉर्ड काढली, शर्टाच्या बाहीने नव्हे, खास ठेवलेल्या मऊ फडक्याने पुसली आणि लावली. आम्ही तिघं ऐकत बसलो.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला ते भांडणासारखं वाटलं. सगळे एकदम बोलतायत, कोणीच कोणाचं ऐकत नाहीये, आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं. ट्रम्पेट तर सेक्रेटरीच. मी सुकेळं चघळत बसले आणि बाजू कधी संपते याची वाट बघू लागले. मग मला मागे कोणीतरी चालताना ऐकू आलं. खरंच, चालताना. जाड, सावकाश, एकसारखी पावलं. पुढे काहीही गोंधळ होवो, हा आपला चालतोय. मी त्याच्यावर कान ठेवला, आणि तसं केल्यावर पुढचा सगळा गोंधळ जागच्या जागी बसला. पियानो त्या चालणाऱ्याला विचारून बोलत होता. ड्रम त्याच्या पावलाखाली वाळू टाकत होता. कोणी भांडत नव्हतं.

"हे मागे कोण आहे?" मी विचारलं.

"बास. उभं, जाड तारांचं वाद्य असतं ते," म्हातारबाबा म्हणाले आणि मुलीला खुणेने माझ्या पायाकडे बघायला लावलं. माझा पाय हलत होता. मला पत्ताच नव्हता.

परत येताना मुलगी स्कूटर चालवत होती आणि मी मागे बसून तोंडाने तो बास वाजवत होते. "आई, लोक बघतायत," ती म्हणाली. बघू देत.

त्या दिवसापासून आमचे रविवार नंदाखालला जाऊ लागले. पण दातांच्या दवाखान्याला रविवारीच गर्दी. नोकरदार माणसं सुट्टीच्याच दिवशी दात दाखवायला येतात. हळूहळू मुलीला जमेना, आणि एका रविवारी ती म्हणाली, "आई, तू एकटी जा ना. काय शोधायचं ते मी सांगते. ड्रम्स एकटे वाजतात ती जागा, पियानो एकटा, बास एकटा. सापडलं की खूण कर, मी मग येऊन रेकॉर्ड करून घेईन."

खूण कशी करायची, हा प्रश्न होता. रेकॉर्डवर काही लिहिणं तर सोडाच, पेन घेऊन त्या कपाटाजवळ गेलं तरी म्हातारबाबा उठून उभे राहायचे. माझ्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट होतं. रेकॉर्डच्या कव्हरमागे गाण्यांची नावं छापलेली असतात. मी भीतभीत विचारलं, "नावापुढे टिकली लावली तर चालेल? निघते नंतर, डाग पडत नाही."

त्यांनी टिकली हातात घेतली, बोटावर चिकटवून बघितली, काढली, बोट तपासलं.

"चालेल. पण लहान लावा."

लाल टिकली म्हणजे ड्रम्स, मरून म्हणजे पियानो, काळी म्हणजे बास. माझ्या आवडीच्या जागेला मी एक खड्याची टिकली लावायचे, ती मुलीला दाखवायची नव्हती. इकडे घरी आमच्या ह्यांना कोडं पडलं. कपाळावर रोज तीच साधी टिकली आणि बाजारातून दर आठवड्याला नवी पाकिटं. "शाळेत नाटक बसवतेयस का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जॅझ बसवतेय. त्यांनी पुढे विचारलं नाही. तीस वर्षांच्या संसारात माणूस कुठे थांबायचं ते शिकतो.

म्हातारबाबा मला बरंच काही सांगायचे. तरुणपणी मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवलं, मग प्रवासी जहाजावर. संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये वाजवायचं, लोक नाचायचे. जहाज बंदराला लागलं, की बाकीचे अत्तरं आणि घड्याळं घ्यायला जायचे आणि हे रेकॉर्डच्या दुकानात. इकडे बायको एकटीने वाडी आणि मुलगा सांभाळत होती. एकदा सुट्टीवर आले तेव्हा मुलाने त्यांना 'अंकल' म्हटलं. त्यानंतर ते परत जहाजावर गेले नाहीत.

"मग इथे केळी लावली," ते म्हणाले. "केळीला जॅझ आवडतं की नाही माहीत नाही. पण तक्रार करत नाही."

माझ्या टिकल्यांमधून मुलीने पहिली बीट केली, ती एका मरून टिकलीची. जराशा उदास पियानोवर तिने असे काही ड्रम्स घातले, की उदासी उठून नाचायलाच लागली. मित्राने त्यावर पाण्याच्या टँकरचं गाणं लिहिलं. टँकर कधी येणार, आला तर कोणाच्या बिल्डिंगला आधी जाणार, पाईप धरून कोण धावणार. आमच्याकडे हा विषय कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गाणं त्यांनी इंटरनेटवर टाकलं आणि एका दिवसात ते तिथून नाहीसं झालं. त्या पियानोचे हक्क कुठल्यातरी परदेशी कंपनीकडे होते आणि तिथल्या यंत्राने तो बरोबर ओळखला.

मुलगी हिरमुसून बसली. "आई, चार सेकंद होते गं. तेही उलटेसुलटे केलेले. तरी ओळखलं."

मी रविवारी म्हातारबाबांना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, ते म्हणतील, बरं झालं, कशाला कापाकापी केली. ते चक्क खूश झाले.

"ओळखलं? त्या पियानोवाल्याला? अहो, तो मरून किती वर्षं झाली! अजून त्याला कोणीतरी हाताच्या वळणावरून ओळखतंय म्हणजे..." आणि त्यांनी तीच रेकॉर्ड परत लावली, सन्मानाने, पहिल्यापासून.

ती संपल्यावर मी सहज म्हटलं, "मग तुम्हीच वाजवा ना. तुमच्यावर तर कुठल्या कंपनीचा हक्क नाही."

ते हसले नाहीत. त्यांनी नखाने वरच्या दातांवर टकटक केलं.

"कवळी आहे ही, बाई. सॅक्सोफोनचं तोंड वरच्या दातांनी धरावं लागतं. फुंकलं की कवळी सुटून खाली येते. खूप प्रयत्न केला. मग पेटी बंद केली. नाताळला काढतो, पुसतो, ठेवतो."

म्हणजे ते ओठ जपून हलवणं जहाजावरच्या रीतीमुळे नव्हतं. माझी मुलगी इतके आठवडे या माणसाच्या घरी गाण्याचे तुकडे शोधत होती, आणि ती दातांची डॉक्टर होती. मी तिथल्या तिथे तिला फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"आजोबा, उद्या दवाखान्यात या," असं तिने फोनवरच फर्मान काढलं. "आणि ते सॅक्सोफोनचं तोंड घेऊन या."

पुढचं मला मुलीनेच सांगितलं, हसून हसून. तिने तपासलं तर कवळी जुनी होती, हिरड्या झिजून आत गेल्या होत्या, त्यामुळे ती आत हलायची. नवीन मापं घेतली. पण नुसतं मापाने भागणार नव्हतं. फुंकताना जोर कुठे येतो ते बघायला हवं होतं. म्हणून म्हातारबाबांनी दवाखान्याच्या खुर्चीत आडवं होऊन सॅक्सोफोनचं तेवढं तोंड ओठात धरलं आणि फुंकलं. पूर्ण वाद्य नसलं, की त्यातून जो आवाज येतो तो बदक पकडल्यासारखा. बाहेर बाकावर पेशंट बसले होते. आतून आधी मुलीचा आवाज, "अजून जोरात, आजोबा, घाबरू नका," आणि मग बदक. एक गृहस्थ उठून 'गाडी लावून येतो' म्हणाले ते परत आलेच नाहीत.

मुलीने आणि तिच्या मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा घासूनपुसून ती कवळी बसवली. सॅक्सोफोनही आजारी होता. त्याच्या भोकांवरच्या कातडी गाद्या सुकून तडकल्या होत्या. लग्नाच्या बँडमधल्या एका ओळखीच्या माणसाने त्या बदलून दिल्या. आणि स्टाफरूममध्ये आम्हाला रोजचं वार्तापत्र मिळू लागलं.

"काल बाबांनी वाडीत जाऊन वाजवलं. कावळे उडाले."

"आज शेजारी विचारत होते, म्हैस घेतलीत का?"

"टीचर, काल एक सूर निघाला हो. खरा. मी चुलीवरचं, म्हणजे गॅसवरचं सोडून बाहेर आले."

हे शेवटचं सांगताना त्यांचे डोळे भरले होते. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी सासऱ्यांना वाजवताना कधी ऐकलं नव्हतं.

नाताळ होऊन गेल्यावर, एका रविवारी दुपारी मुलगी दवाखान्यातून सुट्टी काढून माईक आणि लॅपटॉप घेऊन नंदाखालला गेली. मीही होते. खिडकीला गाद्या लावल्या, पंखा बंद केला, वाडीतला पंप बंद करायला सांगितलं. कोंबडा कोणाला बंद करता आला नाही. म्हातारबाबा पांढऱ्या शर्टात, गळ्यात पट्टा अडकवून उभे होते आणि माईककडे बघत होते.

"याच्यासमोर कधी उभा राहिलो नाही," ते म्हणाले.

"म्हणजे? रेकॉर्डिंग कधीच केलं नाहीत?" मुलीने विचारलं.

"आमचं कोण करणार? आम्ही वाजवायचो, लोक नाचायचे आणि झोपायला जायचे. माझं वाजवलेलं कुठेच नाही."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. एवढं कपाट भरून दुसऱ्यांचं वाजवणं जपलेला माणूस, आणि त्याचं स्वतःचं काहीच नाही. मुलीने नुसतं बटण दाबलं आणि म्हणाली, "वाजवा, आजोबा. मी मध्ये थांबवणार नाही."

त्यांनी वाजवलं. कुठली धून होती मला माहीत नाही. ते म्हणाले, जहाजावर शेवटच्या नाचाला ते ही वाजवायचे. सूर सुरुवातीला थरथरत होता, श्वास मधूनच ऐकू यायचा. मग तो जाड होत गेला, उबदार, एखाद्या मोठ्या माणसाने दारातून हाक मारावी तसा. सूनबाई दाराला टेकून उभ्या होत्या. आणि अगदी वरच्या सुराला जाताना कवळी सुटली. 'टक्.' म्हातारबाबांनी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हटलं.

"बाबा!" सूनबाई ओरडल्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"ते मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "आज रविवार आहे."

त्यांनी कवळी बसवली आणि परत पहिल्यापासून वाजवलं. या वेळी शेवटपर्यंत.

मुलीने त्यातून बीट केली आणि पुढच्या रविवारी ऐकवायला आणली. मला काळजी होती. चार सेकंद कापून घेताना त्या सगळ्या दुपारचं काय झालं असेल, असं वाटत होतं. तिने बीट लावली. खाली ड्रम्स, मागे माझा आवडता चालणारा बास (तो तिने स्वतः कीबोर्डवर वाजवला होता), आणि वर म्हातारबाबांचा सूर, हाक मारून परत फिरणारा, पुन्हा हाक मारणारा. आणि ठेक्यात मधूनमधून एक छान लाकडी आवाज: टक्.

म्हातारबाबांनी मान तिरकी करून ऐकलं.

"हा मी?"

"हो."

"एवढंच? बाकीचा मी कुठे गेला?"

"बाकीचे पण आहात," मुलगी म्हणाली. तिने पूर्ण रेकॉर्डिंग वेगळं ठेवलं होतं, एकही सूर न कापता. त्यांनी आधी ते पूर्ण ऐकलं, डोळे मिटून. मग म्हणाले, "आता ते दुसरं लाव. ते टक् टक् काय आहे?"

"तुमची कवळी."

ते इतके हसले, की कवळीला धरावं लागलं. सूनबाईंना हाक मारून त्यांनी त्यांनाही ते ऐकवलं, आणि मग वाडीत काम करणाऱ्या दोघांना बोलावून ऐकवलं. त्या दोघांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी माना डोलावल्या.

टँकरचं गाणं नव्या बीटवर पुन्हा निघालं आणि या वेळी ते कोणी काढून टाकलं नाही. फार मोठं नाव झालं असं नाही. पण वसई-विरारमध्ये ते फिरलं. एकदा नववीच्या वर्गात मी फळ्यावर समीकरण सोडवत असताना मागून कोणीतरी हळूच ते म्हणायला लागलं. मी वळले, नेहमीसारखी कडक नजर टाकली आणि परत फळ्याकडे तोंड केलं. फळ्याकडे तोंड असलं, की बाईंना हसता येतं.

मग सांडोरला म्हातारबाबांच्या भाचीच्या मुलीचं लग्न निघालं. त्यांनी आम्हाला घरचंच बोलावणं केलं. आमचे हेसुद्धा आले. टिकल्यांचा हिशेब आता त्यांना माहीत झाला होता. चर्चमधून वरात निघाली, पुढे बँड. ज्याने सॅक्सोफोनच्या गाद्या बदलून दिल्या होत्या, तोच या बँडचा ट्रम्पेटवाला. त्याने म्हातारबाबांना वरातीत बघितलं आणि वाजवता वाजवता भुवईने विचारलं. म्हातारबाबांनी हातातला फुलांचा गुच्छ आमच्या ह्यांच्या हातात दिला. पेटी गाडीतच होती. मला आधी वाटलं, योगायोग. मग सूनबाईंचा चेहरा बघितला आणि कळलं, योगायोग वगैरे काही नाही.

ते बँडच्या कडेला उभे राहिले, दोन्ही ओठ दातांवर दुमडून घेतले, ही युक्ती त्यांनी स्वतः शोधून काढली होती, आणि शिरले. बँड लग्नाचं नेहमीचं गाणं वाजवत होता. म्हातारबाबा त्याच्याच अवतीभवती काहीतरी वेगळं वाजवायला लागले. गाण्याला सोडलं नाही, पण त्याच्या आजूबाजूला फिरून आले. ट्रम्पेटवाल्याने चमकून बघितलं आणि त्यांना उत्तर दिलं. त्यांनी त्याला दिलं. दोघं भांडायला लागले, म्हणजे पूर्वी मला भांडण वाटलं असतं तसे. ढोलवाल्याने पावलं धरून ठेवली. वरात जागेवरच थांबली, कारण नवरा-नवरीच थांबली होती, आणि केळीच्या बागांमधल्या त्या रस्त्यावर सगळी माणसं नाचायला लागली. मी नाचले. आमचे हे फुलांचा गुच्छ धरून नाचले. मी त्यांना आमच्या स्वतःच्या लग्नातही नाचताना बघितलेलं नाही.

मुलीने फोन उंच धरून सगळं रेकॉर्ड केलं. घरी येऊन ऐकलं तर नेमक्या चांगल्या जागी फटाक्यांची माळ लागली होती आणि त्यानंतर फक्त माझा आवाज, "अहो, गुच्छ सांभाळा!" त्यातून काही काढता येतंय का, हे ती अजून बघते आहे.

मांडवात आम्ही एका टेबलाला बसलो होतो. पुढ्यात इंदेल, म्हणजे आंबट-तिखट मटण, आणि गरम फुगे. हे तळलेले गोल, फुगलेले फुगे ख्रिस्ती लग्नात असतातच. बँडवाला आमच्याजवळ आला, म्हातारबाबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "अंकल, पुढच्या रविवारी आगाशीला लग्न आहे. येता का?"

म्हातारबाबांनी फुगा तोडता तोडता माझ्याकडे बघितलं, जरा अपराध्यासारखं.

"बाई, पुढच्या रविवारी आपलं ऐकणं राहील बहुतेक."

"राहतंय कशाला?" मी म्हटलं. "मी आगाशीला येते."

बोलावणं नव्हतं. पण बँडबरोबर आलेल्या बाईला लग्नात कोणी विचारत नाही, ती कोणाकडची. आगाशीला मला वरपक्षाने वधूपक्षाची समजून जेवायला बसवलं, आणि वधूपक्षाने वरपक्षाची समजून आग्रह करकरून वाढलं.